शिशावर लिहिलेली गाऱ्हाणी

पाण्याला हात लावू नका, अशी पाटी तिथे आहे. समोर हिरवंगार पाणी, त्यावर वाफेचे पुंजके, नोव्हेंबरची झोंबरी थंडी, आणि माझे दोन्ही हात कोटाच्या खिशात. गरम पाण्याच्या कुंडापर्यंत जायचं आणि हात न बुडवता परत यायचं, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, एव्हन नदीच्या वळणात बाथ नावाचं शहर आहे. रोमन लोकांनी तिथे बांधलेल्या सार्वजनिक स्नानगृहाचे अवशेष आजही पाहता येतात. धाकटा भाऊ ब्रिस्टलला असतो. तिथून आगगाडीने पंधरा मिनिटांवर बाथ. भाऊ, वहिनी, नऊ वर्षांची भाची आणि मी असे चौघं शनिवारी सकाळी निघालो. भाचीच्या गळ्यात मुलांसाठीचं माहिती सांगणारं यंत्र होतं. दर पाच मिनिटांनी ती कानाचं यंत्र बाजूला करून मला सांगायची, "आत्या, हे पाणी पूर्वी हिरवं नव्हतं."

तिचं खरं होतं. रोमन काळात या मोठ्या कुंडावर छप्पर होतं, आधी लाकडी आणि नंतर कमानीचं. ते कोसळलं, ऊन थेट पाण्यावर पडू लागलं आणि शेवाळ धरलं. हात लावू न देण्याचं कारणही पाण्यातच आहे. १९७८ साली इथे पोहलेल्या एका मुलीला पाण्यातल्या अमीबामुळे मेंदूचा संसर्ग झाला आणि ती दगावली. तेव्हापासून या कुंडात कुणी उतरत नाही. हे वाचल्यावर पाटीबद्दलची माझी कुरकुर संपली. तरी डोळे पाण्यावरून हलेनात.

हे पाणी कुणी तापवत नाही. हजारो वर्षांपूर्वी पडलेला पाऊस जमिनीत काही किलोमीटर खोल मुरतो, तिथे तापतो आणि खडकातल्या भेगेतून वर येतो. झऱ्याचं तापमान ४६ अंश सेल्सिअस, आणि दिवसाला जवळजवळ ११ लाख ७० हजार लिटर पाणी. रोमन फौजा इसवी सन ४३ मध्ये ब्रिटनमध्ये उतरल्या, आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत त्यांच्या कारागिरांनी या झऱ्याला हात घातला. भोवतालच्या चिखलात ओकचे ओंडके ठोकले, त्यावर दगडी हौद बांधला, हौदाला आतून शिशाचे पत्रे लावले. मोठ्या कुंडाच्या तळालाही असेच जाड पत्रे आहेत, एकूण ४५. अजून तिथेच आहेत, अजून पाणी धरून आहेत. कुंड १.६ मीटर खोल, चारही बाजूंनी आत उतरत जाणाऱ्या पायऱ्या. भोवतालच्या खांबांचा गुडघ्यापर्यंतचा भाग तेवढा रोमन. वरचे खांब, सज्जा आणि सज्ज्यावर उभे असलेले सम्राटांचे पुतळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे. पायाखालची फरशी मात्र अस्सल आहे, झिजून मध्ये खोलगट झालेली. मी बराच वेळ मान खाली घालूनच चालत होते.

दोन्ही बाजूंना गरम खोल्यांचे अवशेष आहेत, आणि तिथे मात्र जाळ लागायचा. विटांचे ठेंगणे खांब रांगेने उभे. त्यांवर पूर्वी जाड जमीन होती. बाजूच्या भट्टीतली ऊन हवा या खांबांमधून फिरायची आणि भिंतीतल्या पोकळ विटांमधून वर चढायची, म्हणजे खालून जमीन तापलेली आणि चारी बाजूंनी भिंती. आमच्या जुन्या घरी तांब्याचा बंब होता, मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी. इथे अख्खी खोलीच बंबासारखी तापवलेली, आणि माणसं त्यात बसलेली. अंगाला तेल चोळायचं, घाम येऊ द्यायचा, वाकड्या धातूच्या पट्टीने तेल-मळ खरवडून काढायचा, मग गार पाण्यात बुडी मारायची. भट्टीत लाकडं कोंबणारे हात गुलामांचे होते.

इथली मोठी माणसं मी फारशी लक्षात ठेवली नाहीत. सुलिस मिनर्व्हा या देवीचं सोन्याचा मुलामा दिलेलं काशाचं मस्तक आहे. १७२७ साली गटार खणणाऱ्या मजुरांना ते सापडलं. फार सुंदर आहे. सुलिस ही इथल्या मूळ लोकांची झऱ्याची देवी. रोमन आले आणि त्यांनी तिला आपल्या मिनर्व्हाशी जोडलं. देवीला नवी जोडदेवी मिळाली, पण आधीचं नाव आधीच राहिलं. गावाचं रोमन नावही आक्वे सुलिस, म्हणजे सुलिसचं पाणी. देवळाच्या दर्शनी भागावरचा दाढीमिशांचा, केसांत साप असलेला भव्य चेहराही आहे. त्यापुढे सगळे फोटो काढत होते.

मी थांबले ती बारीकसारीक वस्तूंपाशी. एका चौथऱ्याच्या दगडावर लुशियस मार्शियस मेमॉर नावाच्या माणसाने देवीला काही अर्पण केल्याचा लेख आहे. तो बळी दिलेल्या जनावराची आतडी-काळीज पाहून शकुन सांगणारा होता. कोरणाऱ्याने त्याच्या पदाची पहिली तीनच अक्षरं ओळीच्या बरोबर मध्यभागी नीट बसवली आहेत. मग त्यांच्या शेजारी पुढची तीन अक्षरं नंतर घुसडलेली. तेवढ्यावरून लोकांना अर्थ कळेना, म्हणून वाढवली असावीत. भाचीने काचेजवळ नाक नेऊन ती मोजली. "आधी तीन, मग आणखी तीन," ती म्हणाली, "त्याला कुणीतरी ओरडलं असणार." दगड बिघडवूनही लोकांना कळलं पाहिजे असं वाटणारा कुणीतरी तिथे होता, हे मला फार आवडलं.

सांडपाण्याच्या मोरीत १८७८ साली तीसहून जास्त खडे सापडले. अंगठीत बसवायचे, नखाएवढे, बारीक कोरीवकाम केलेले. गरम वाफेत खड्यामागची चिकटी सैल व्हायची आणि खडा निसटून पाण्याबरोबर वाहून जायचा, असं समजतात. ज्या बाईच्या कानातलं कधी न्हाणीच्या मोरीत गेलं असेल, तिला यावर आणखी काही सांगायला नको. तो हात पाण्याबाहेर येतो, अंगठी असते आणि मधोमध नुसती खोबण.

आणि मग शिशाचे पत्रे.

१९७९-८० मध्ये पुरातत्त्वज्ञ बॅरी कनलिफ यांनी झऱ्याच्या हौदात उत्खनन केलं. चिखलातून बारा हजारांवर नाणी निघाली. हस्तिदंताची कोरलेली स्तनांची जोडी निघाली, कुण्या बाळंतिणीच्या नवसाची असेल. वांद्र्याच्या मोतमाउलीला लोक मेणाचे हात-पाय वाहतात, ते आठवलं. आणि शिशा-कथलाचे पातळ तुकडे निघाले, बहुतेक तळहाताहून लहान, काही गुंडाळलेले, काही घडी घातलेले. असे सुमारे १३० तुकडे इथे मिळाले आहेत. ऑक्सफर्डच्या रॉजर टॉमलिन यांनी वर्षानुवर्षं भिंगाखाली धरून ते वाचले आणि १९८८ मध्ये त्यांचं वाचन छापून आलं. ते काय आहेत? चोरीच्या तक्रारी. देवीच्या नावे.

इंग्रजीत त्यांना शाप म्हणतात, आणि शाप त्यांत आहेतच. पण मी एकामागून एक अनुवाद वाचत गेले आणि माझ्या मनात शब्द आला तो गाऱ्हाणं. आमचं मूळ गाव सिंधुदुर्गात. गाऱ्हाणं घालताना मी लहानपणापासून ऐकलं आहे. देवळात उभं राहून एक जाणता माणूस देवाला सगळं समजावून सांगतो, आणि मागचे लोक एका सुरात "होय महाराजा" म्हणतात. त्यात एकेक वाट बंद केलेली असते. घरचो असांदे, भायरचो असांदे, जाणून केलेला असांदे, नेणून केलेला असांदे. देवाला पळवाट नाही आणि चोरालाही नाही. इथल्या पत्र्यांवरही तेच: पुरुष असो की बाई, गुलाम असो की मोकळा, मुलगा असो की मुलगी. एका पत्र्यावर तर मूर्तिपूजक असो की ख्रिस्ती, असंही आहे. त्या माणसाच्या थैलीतली सहा चांदीची नाणी गेली होती, आणि तोवर ब्रिटनमध्ये नवा धर्म आलेला होता. त्याने तीही वाट बंद करून टाकली.

गेलेल्या वस्तू पाहा. डोसिलियानसचा टोपीवाला झगा. तो परत देवळात आणून देईपर्यंत चोराला झोप लागू नये, मूलबाळ होऊ नये. सोलिनसचा अंघोळीचा अंगरखा आणि झगा. सिव्हिलिसचा नांगराचा फाळ. कुणाचं काशाचं भांडं. कुणाची पाच नाणी. आणि डोसिमेडिसचे दोन हातमोजे. त्याचं म्हणणं, हातमोजे घेणाऱ्याची बुद्धी आणि डोळे देवीच्या देवळात जावेत.

दोन हातमोज्यांसाठी डोळे! शेजारी उभी असलेली माणसं हसली. मला हसू आलं नाही. इंग्लंडच्या नोव्हेंबरमध्ये मी बिनहातमोज्यांची उभी होते. ज्याच्याकडे एकच जोड असते, त्याचा हिशेब वेगळा असतो. अंघोळीला जायचं म्हणजे अंगावरचं सगळं उतरवून एका कोनाड्यात ठेवायचं आणि पाठ फिरवायची. श्रीमंताबरोबर कपडे राखायला गुलाम असे. ज्याच्याकडे राखणीला कुणी नाही, त्याचाच झगा जाणार. आणि गेल्यावर सांगायचं कुणाला? रोमन कायद्यात चोरी हा वादी आणि प्रतिवादी यांच्यातला मामला होता. चोर तुम्हीच शोधायचा, तुम्हीच कोर्टात उभा करायचा. नागडा, भिजलेला, झगा हरवलेला माणूस दुसरं काय करेल? तो झऱ्यावर जायचा. काही पत्र्यांवर तर आणखी शहाणपणाची गोष्ट आहे: माझी गेलेली वस्तू मी देवीला अर्पण करतो आहे. म्हणजे आता ती वस्तू देवीची झाली. चोराने चोरी माझी केली नाही, देवीची केली. पुढचं ती बघून घेईल.

इथे मला आजी आठवली. खरं तर सकाळपासूनच ती माझ्या मागे होती.

आम्ही तेव्हा भिवंडीत राहायचो. आजीचे गुडघे धरलेले असत. थंडीत दर दोन-तीन आठवड्यांनी ती वज्रेश्वरीला जायची, तानसा नदीकाठच्या अकलोलीच्या गरम कुंडांवर. आधी देवळाच्या पायऱ्या चढून देवीचं दर्शन, मग कुंड. मी आणि भाऊ बरोबर. ते देऊळ वसईच्या विजयानंतर चिमाजीअप्पांनी नवस फेडायला बांधलं, असं आजी दरवेळी नव्याने सांगे. कुंडाच्या पायरीवर ती आपला पितळी तांब्या ठेवायची. तांब्याने पाणी घेऊन आधी देवीच्या नावाने धार सोडायची, मग गुडघ्यांवर. गंधकाचा वास, ओली लुगडी, दगडावर चपला-पिशव्यांचे ढीग. आम्हाला पाण्यात पाय सोडायची मुभा होती. शंभर मोजेपर्यंत पाय ठेवायचा, अशी आमची पैज असे.

एके दिवशी तांब्या गेला. आजी लुगडं बदलून आली तर पायरी रिकामी. तिने आजूबाजूला विचारलं, पिशवी उपसून पाहिली, आम्हाला कुंडाच्या चारी बाजूंना पिटाळलं. मग ओल्या केसांनी, दुखऱ्या गुडघ्यांनी ती पुन्हा देवळाच्या पायऱ्या चढली. आम्ही मागे. गाभाऱ्यासमोर उभी राहून ती घरी बोलते त्याच आवाजात बोलली: "माजो तांब्यो तुज्या दारातसून गेलो. आता तूच काय तां बघ." बस, एवढंच. हात जोडले आणि उतरली. चोराला शाप दिला नाही की परत मिळू दे म्हणाली नाही. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली होती. तांब्यासाठी एवढं काय, असं मला तेव्हा वाटलं होतं. मी आठ-नऊ वर्षांची होते, म्हणजे आज भाची आहे तेवढी.

काचेमागचे पत्रे पाहताना भाचीने माझी बाही ओढली. एका तुकड्यावर तिला अक्षरं लागत नव्हती. तशी कुठल्याच तुकड्यावरची मलाही लागत नव्हती, सगळं बारीक ओरखड्यांत लॅटिन. पण या पत्र्यांतल्या काहींवर खरोखरच अक्षरं नाहीत. नुसत्या रेघोट्या आहेत, आडव्या-उभ्या, ओळीत ओढलेल्या, लिखाणासारख्या दिसणाऱ्या. टॉमलिन यांना आढळलं की जवळजवळ प्रत्येक पत्र्याचं हस्ताक्षर वेगळं आहे. म्हणजे पैसे घेऊन लिहून देणारा कुणी एक लेखनिक नव्हता. लोक आपलं गाऱ्हाणं आपल्या हाताने लिहायचे, चुका करत, बोलतात तसं. एकाने तर शब्द उलटे लिहिले आहेत. आणि ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांच्यापैकी कुणी शिशाचा तुकडा घेतला, टोकदार काडी घेतली, आणि लिहिणारे हात हलवतात तसा हात हलवला.

"मग देवीला कसं कळलं?" भाचीने विचारलं.

मी तिला उत्तर देऊ शकले नाही. तो माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. बाजूला कुणीतरी भराभर लिहितं आहे, पत्रा गुंडाळून टाकतं आहे, पाणी बुडुक करतं आहे. आणि हा ओळ नीट यावी म्हणून श्वास रोखून रेघा ओढतो आहे. नंतर त्यानेही पत्रा गुंडाळला असेल, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. ही पत्रं माणसांनी वाचायची नव्हतीच. आत काय म्हणायचं होतं, झगा की भांडं, हे त्याला आणि देवीला ठाऊक. आजीलाही लिहिता येत नव्हतं. रेशनच्या दुकानात आणि बँकेत अंगठा. मतदानाच्या दिवशी मात्र शाईचं बोट सगळ्यांना दाखवायची.

मी भाचीला तांब्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मग मिळाला का?" नाही मिळाला. डोसिमेडिसचे हातमोजे मिळाले का, तेही तिने विचारलं.

बाहेर पडायच्या आधी एका अरुंद जागी झऱ्याचं जास्तीचं पाणी वाहताना दिसतं. रोमन लोकांनी बांधलेली मोरीच अजून ते एव्हन नदीपर्यंत नेते. लोहामुळे दगड नारिंगी झाले आहेत, आपल्याकडे जुन्या विहिरीच्या पंपाखालची फरशी होते तसे. तिथे वाफेचा झोत एकदम तोंडावर आला. चष्मा पांढरा झाला. मी तो पुसला नाही, तशीच उभी राहिले. गंधकाचा वास येईल असं वाटलं होतं. आला तो ओल्या दगडाचा. पण ऊब तीच होती. गुडघ्यांना बरं वाटेल अशी.

वरच्या मजल्यावर झऱ्याचं शुद्ध केलेलं पाणी पेल्यात देतात. कोमट, लोखंडाची चव असलेलं. वहिनीने तोंड वाकडं केलं, भाचीने एका घोटात संपवलं. मी बोट बुडवून एक थेंब खाली सोडला आणि मग प्याले. हात लावायचा राहिला होता तो तेवढा लावून झाला.

परतीच्या गाडीत चार वाजताच अंधारलं होतं. भाची वहिनीच्या मांडीवर झोपली. मी भावाला विचारलं, तुला तो तांब्या आठवतो का. म्हणाला, चांगला आठवतो, पोटाला एक पोचा होता. मग जरा थांबून म्हणाला, "त्यावर नाव होतं ना, टिंबाटिंबांनी घातलेलं. ती रोज घासताना त्यावरून अंगठा फिरवायची."

होतं. मी ते पार विसरले होते. तांब्या रुखवतातला, तिच्या वडिलांनी दिलेला. कासाराकडून नाव घालून आणलेलं, ते तिचं माहेरचं नाव. आमच्या घरात आली तेव्हा लग्नात नाव बदललं, आणि पुढे रेशनकार्डावर, सात-बारावर, मतदारयादीत, सगळीकडे ते दुसरंच लागलं. तिला स्वतःला ती टिंबं वाचता येत नव्हती. अंगठ्याला ठाऊक होती. बसच्या खिडकीकडे तोंड करून ती का बसली होती, ते मला इतक्या वर्षांनी, परक्या देशातल्या आगगाडीत कळत होतं.

"काय होतं रे ते नाव?" मी विचारलं. भावाला आठवेना. मलाही आठवेना. सतराशे-अठराशे वर्षांपूर्वी हातमोजे हरवलेल्या माणसाचं नाव मी दुपारपासून पाठ करून बसले होते.

भिवंडीत तेव्हा रात्रीचे साडेनऊ-दहा झाले असतील. बाबांना फोन लावला. ते झोपायच्या तयारीत होते. काय गं, सगळं ठीक ना, असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, ठीक आहे, एकच विचारायचं होतं. विचारल्यावर पलीकडे बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मला वाटलं फोन तुटला. मग बाबांनी सांगितलं. मी पुन्हा म्हणायला लावलं, वेलांटी पहिली की दुसरी तेही विचारून घेतलं, आणि स्नानगृहाच्या तिकिटाच्या मागे, भावाच्या पेनने, ते नाव लिहिलं.